लांबलेला सजदा आणि आपले घर



एकदा प्रेषित मुहम्मद (स.) नमाज पढवीत असता सजदा इतका लांबला की मागे असलेल्या सहाबांच्या (रजि.) मनात शंका आली: काही विपरीत तर घडले नाही ना, की वह्य अवतरत आहे? नमाजनंतर त्यांनी विचारले, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की तसे काहीच नव्हते, नातू पाठीवर बसला होता आणि त्याचे मन भरण्यापूर्वी त्याला घाईने उतरविणे बरे वाटले नाही. ही हदीस सुनन नसाईमध्ये आहे.

ज्यांच्या खांद्यावर साऱ्या उम्मतचा भार होता, त्यांच्यापाशी एका बालकाच्या खेळासाठी वेळ होता. आपण मात्र संध्याकाळी घरी परततो, मूल पायाला बिलगते आणि त्याच्या हाती मोबाईल देऊन आपण मोकळे होतो. कधी एखादे महागडे खेळणे आणतो व कर्तव्य पार पडले असे मानतो. चार दिवसांत ते कोपऱ्यात पडते. मुलाला खरी ओढ असते ती आपल्या सहवासाची.

मदीनेतील घरे श्रीमंत नव्हती. आशूराच्या रोजाच्या दिवशी लहान मुले भुकेने रडू लागली की माता त्यांना लोकरीचे खेळणे करून देत व इफ्तारपर्यंत रमवीत, असे हजरत रुबय्यिअ (रजि.) सांगतात. हजरत आयशा (रजि.) यांच्या बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी (स.) विचारताच त्यांनी हजरत सुलैमान (अ.) यांच्या पंख असलेल्या घोड्यांचा दाखला दिला आणि प्रेषित (स.) मनमुराद हसले. थोडी लोकर, थोड्या चिंध्या आणि त्यांत रस घेणारे वडीलधारे, एवढीच ती सामग्री!

ती आपल्याही घरी आहे. दोन खुर्च्यांवर चादर टाकली की तंबू होतो. पोळ्या लाटताना कणकेचा एक गोळा मुलाला द्या. वीज गेली तर मेणबत्ती दूर, सुरक्षित ठेवून भिंतीवर हातांच्या सावल्यांचे पक्षी उडवा. रिकामे खोके घेऊन हजरत नूह (अ.) यांच्या नौकेची गोष्ट सांगा, मुलांना प्राण्यांचे आवाज काढू द्या, परंतु प्रेषितांचे सोंग कोणी घेऊ नये. चिंचोके, खजुराच्या बिया मोजायला चांगल्या. मात्र तान्ह्यांच्या हाती त्या देऊ नयेत, कारण घशात अडकण्याचा धोका असतो.

खेळातही सत्याचे भान राखावे. एका मातेने काही देते असे सांगून मुलाला जवळ बोलाविले. प्रेषितांनी (स.) विचारले की काय देणार? तिने खजूर म्हटले. त्यावर त्यांनी बजावले की काहीच दिले नसते तर तिच्या नावे एक असत्य लिहिले गेले असते. म्हणून ‘उद्या खेळू’ असे म्हटले, तर उद्या खेळलेच पाहिजे.

हे क्षण वाया जात नाहीत. हजरत महमूद बिन रबीअ (रजि.) पाच वर्षांचे असताना प्रेषितांनी (स.) बादलीतील पाण्याची चूळ गमतीने त्यांच्या चेहऱ्यावर उडविली होती, ती आठवण त्यांनी मोठेपणीही जपली. आपली मुले आपल्याविषयी काय आठवतील? मोबाईलच्या उजेडात वाकलेला चेहरा, की त्यांच्यासाठी घोडा होऊन वाकलेली पाठ?

संतती ही अल्लाहने सोपविलेली अमानत आहे आणि बालपण परत येत नाही. आज मगरीब आणि इशाच्या दरम्यान मोबाईल दूर ठेवा, मुलांजवळ जमिनीवर बसा आणि त्यांचे मन भरण्यापूर्वी उठू नका.

अल्लाह आमच्या मुलांना आमच्या डोळ्यांची शीतलता बनवो आणि आम्हांस त्यांच्यावर दया करणारे बनवो. आमीन.