नकार कोणाचा, अडाणीपणा कोणाचा?

‘घरावर सौरसंच बसवायचा झाला तर पदरचे किती घालाल?’ ऊर्जेच्या सर्वेक्षणांत हा प्रश्न ठरलेला असतो. गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, तो विचारला आणि ‘काहीच नाही’ असे उत्तर आले, की निष्कर्ष तयारच असतो: लोक गरीब आहेत, अडाणी आहेत, जनजागृती हवी. मग जनजागृतीचे फलक छापले जातात. नाही म्हणणाऱ्याने विचार करूनच नाही म्हटले असेल, ही शक्यता कोणाच्या डोक्यात येत नाही.

याच तालुक्यात दरेकसाजवळ कचारगड आहे. 1980च्या दशकात गोंडी संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंडी परंपरेतले हे ठिकाण पुन्हा लोकांसमोर आणले. तेव्हापासून माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो माणसे इथे येतात. गाडीभाडे पदरचे, शिधा पदरचा, मजुरी बुडते ती वेगळीच. ही तीच माणसे, जी आपल्या तक्त्यांत ‘पैसे देण्यास अनुत्सुक’ म्हणून नोंदली जातात. यात्रेचे पैसे वाचवून पॅनेल घ्या, असा उपदेश मला करायचा नाही. मुलीच्या लग्नात चार दिवसांत आयुष्याची पुंजी उडवणाऱ्या आपल्या वर्गाला तो शोभतही नाही. मुद्दा एवढाच की जे आपले वाटते आणि ज्यावर विश्वास आहे, त्यासाठी गरीब माणूसही खिशात हात घालतो. उलट टोकाची भाबडी समजूतही नको. आदिवासी निसर्गपूजक, तेव्हा सूर्याची वीज त्यांना आपसूक पटेल, असे म्हणणारे कोणाच्या श्रद्धेला जाहिरातीचा मजकूर समजतात.

आता त्या नकाराच्या आत काय आहे ते पाहू. सरकारी अनुदानातून छतावर बसतो तो संच बहुधा ग्रिडला जोडलेला असतो. लाइन गेली की तोही बंद पडतो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून तो मुद्दाम तसा केलेला असतो. व्यवस्था योग्यच आहे. पण पावसाळ्यात ज्या गावाची वीज रात्र-रात्र येत नाही, तिथल्या माणसाला हे आधी सांगितलेच नाही, तर पहिल्याच वादळी रात्री त्याला आपण फसवले गेलो असे वाटेल. बॅटरी लावली तर उजेड राहतो, पण खर्च वाढतो आणि काही वर्षांत बॅटरी बदलावी लागते. बॅटरीचे काय होते, हे गावाला कोणत्याही पुस्तकावाचून ठाऊक आहे. चौकातला सौरदिवा पाहा: वर धुळीने माखलेले पॅनेल, खाली झाकण उघडे पडलेला डबा, डब्यातून लोंबणाऱ्या दोन वायरी आणि बॅटरीचा पत्ता नाही. असा खांब महाराष्ट्रात शोधायला लांब जावे लागत नाही. तो रोज पाहणाऱ्याला जागृतीच्या फलकाने काय पटवणार?

शिवाय छत. कवेलूच्या, म्हणजे कौलारू घरावर पॅनेलचा सांगाडा सहज बसत नाही. योजना मात्र स्लॅबचे घर डोळ्यांपुढे ठेवून आखलेली. आणि हप्ता. बँकेला तो दरमहा हवा. इथे पैसा येतो मार्च-एप्रिलात मोहाचा, मेमध्ये तेंदूपानाचा आणि दिवाळीनंतर धानाचा. ऑगस्टचा हप्ता कोठून भरायचा, हे विचारणारा अडाणी नाही. कागद लिहिणाऱ्यापेक्षा त्याचा हिशेब पक्का आहे.

यावर कोणी म्हणेल, आता तर किंमत उरलीच नाही. म्हणणे बरेचसे खरे आहे. 2025मध्ये राज्य सरकारने आणलेल्या योजनेत 1 किलोवॅटच्या संचासाठी दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला 2,500 रुपये, तर महिन्याला 100 युनिटांच्या आत वापर असलेल्या कुटुंबांपैकी अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबाला 5,000 आणि इतरांना 10,000 रुपये भरायचे आहेत. योजना चांगली आहे, तिचे स्वागतच करायला हवे. पण किंमत कमी केल्याने दुरुस्तीचा माणूस जवळ येत नाही आणि कवेलूचा स्लॅब होत नाही.

आणखी एक गोष्ट. सर्वेक्षणातल्या प्रश्नाचे उत्तर देतो तो बहुधा घरातला कर्ता पुरुष. सरपणाचा भारा आणते, धूर गिळते ती उत्तर द्यायला पुढे येत नाही. बांगलादेशात सुधारित चुलींच्या अभ्यासात दिसले की स्त्रियांना धूर कमी करणारी चूल हवी होती. थोडी किंमत लागताच मात्र निर्णय त्यांच्या हातात उरला नाही. अशा घराचा आकडा हा अर्ध्या घराचा आकडा असतो.

आता सुस्थितांच्या नकाराकडे वळू, कारण खरी अंधश्रद्धा तिथे सापडते. पक्के छत, नियमित पगार, 300 युनिटांच्या घरातले बिल. केंद्राची 2024ची सूर्यघर योजना 3 किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान देते. 100 युनिटांच्या पुढे विजेचा दर जवळजवळ दुप्पट होतो, त्यामुळे घातलेले पैसे थोड्या वर्षांत वसूल होतात आणि पॅनेल 25 वर्षे चालते. तरी गाडे अडते. कुठे? वास्तुशास्त्रावर. आपण राहतो उत्तर गोलार्धात, सुमारे 21 अंशांवर. उन्हाळ्याच्या अखेरचे आणि पावसाळ्याच्या सुरुवातीचे काही आठवडे सोडले तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच कललेला असतो, म्हणून पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. दक्षिण म्हणजे यमाची दिशा! भूगोलाच्या पदवीधरालाही घराचे तोंड दक्षिणेला चालत नाही आणि छतावर लोखंडी सांगाडा कोणत्या कोपऱ्यात ठेवायचा, हे तो वास्तुतज्ज्ञाला फी देऊन विचारतो. सूर्य कुठे आहे ते मान वर केली तर फुकट कळते.

बायोगॅसचीही हीच गत. डॉ. सुहास मापुसकरांनी देहूत शौचालयाला जोडलेले बायोगॅस संयंत्र उभे केले, गावाच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचले. 2017मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आपण टाळ्या वाजवल्या, पण त्या गॅसवर चहा ठेवायला अजून आपले सोवळे आड येते. जळताना मिथेन शेणाचा की मैल्याचा, हे ज्योतीत दिसत नाही. अडचण यंत्राची असती तर अभियंत्याने सोडवली असती.

‘पैसा आमचा, श्रद्धा आमची, तुम्हाला काय?’ हा आक्षेप येणारच. पण याच गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला 3,300 मेगावॅटचा कोळशावरचा वीज प्रकल्प आहे. कोळशाची वीज जळते एकाच्या बैठकीत, राख पडते दुसऱ्याच्या शिवारात. ज्या निवडीची किंमत शेजारी भरतो, ती निव्वळ खासगी राहत नाही. आणि 78,000 रुपये अनुदानाचे असतील तर ते सगळ्यांच्या करातले आहेत.

तेव्हा टोल्यावर जाऊन ‘किती द्याल’ विचारण्याआधी योजनेनेच काही उत्तरे द्यावीत. हप्ता धानाची विक्री झाल्यावर घेणार का? स्लॅब नसेल तर घरामागच्या सांदवाडीत खांबावर संच उभारू देणार का? संच बिघडला तर किती दिवसांत माणूस येईल, हे ग्रामसभेत लेखी देणार का? लाइन गेल्यावर संच चालणार नाही, हे विक्रीच्या आधी गोंडी-मराठीत सांगणार का? आणि तालुक्यातल्याच चार-दोन मुलामुलींना दुरुस्ती शिकवून त्यांचे मानधन योजनेच्या खर्चात धरणार का?