निग्रह एकट्याचा आणि गावाचा

मनोनिग्रहाविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात मनुष्य बहुधा एकटा असतो. पहाटे उठणारा एकटा, व्यसनाशी झुंजणारा एकटा, क्रोध गिळणारा एकटा. वर्षारंभी नवी रोजनिशी आणून तीत संकल्प लिहिणारा गृहस्थही ह्याच परंपरेतला. फेब्रुवारीत ती रोजनिशी किराण्याच्या हिशेबास लागते, हे त्याच्या पत्नीशिवाय कोणास कळत नाही. संकल्प मोडला की तो आपल्या दुर्बलतेस दोष देतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा एकटाच उभा राहतो. मला अलीकडे असे वाटू लागले आहे की, दोष नेहमी दुर्बलतेचाच नसतो. कित्येकदा तो एकटेपणाचा असतो.

ह्या विचारास निमित्त झाले ते सुप्याचे. पुणे-नगर रस्त्यावरील पारनेर तालुक्यातले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. परंतु रस्ता सोडून थोडे आत गेले की पर्जन्यछायेचा उघडा मुलूख लागतो. मुरमाड माळ, बाजरीची शेते, आणि उन्हाळ्यात ज्यांच्या तळाकडे भीतभीतच पाहावे अशा विहिरी. अशा प्रदेशात संयम हा केवळ चारित्र्याचा अलंकार राहत नाही. तो पाण्याच्या हिशेबात येतो. एखाद्या शेतकऱ्याने मन आवरून ऊस लावला नाही, विंधन विहीर घेतली नाही, आणि शेजाऱ्याने मात्र खोल भोक पाडून रात्रंदिवस उपसा केला, तर पहिल्याच्या संयमाचे फळ दुसऱ्याच्या उसात जाते. भूगर्भातील पाण्यास बांध ठाऊक नसतो. असा संयम दोन हंगाम टिकेल. तिसऱ्या हंगामी तो सत्पुरुष मूर्ख ठरतो, निदान आपल्या मुलांच्या दृष्टीने.

मग संयम सर्वांनी मिळून करावयाचा तर तो कसा? ह्याचे एक उत्तर ह्याच तालुक्यात, राळेगणसिद्धीस, मिळाले. १९७५ च्या सुमारास अण्णा हजारे लष्करातून निवृत्त होऊन गावी परतले, तेव्हा गाव दुष्काळाने खचलेले होते आणि हातभट्टीची दारू हा तेथील एक चालता धंदा होता. त्यांनी आरंभ केला तो यादवबाबांच्या मंदिराच्या जीर्णोद्धाराने, आणि त्यासाठी पदरचा पैसा घातला. पुढे त्याच मंदिरात भट्ट्या बंद करण्याचा निश्चय झाला. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री आली. पाणी अडविले गेले, झाडे उभी राहिली. हे सर्व स्तुत्यच आहे. परंतु निश्चय होऊनही पिणाऱ्यांना खांबास बांधून फटके देण्यात आले, ही गोष्टही तितकीच प्रसिद्ध आहे आणि स्वतः हजाऱ्यांनी ती कधी लपविलेली नाही. आई मुलास कडू औषध पाजते, असे तिचे समर्थन केले गेले.

ह्या समर्थनाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. ज्या स्त्रीच्या घरातले शेवटचे पितळेचे भांडे दारूपायी मोडीत गेले, तिला त्या खांबाविषयी विचारून पाहावे; आपल्या अहिंसेच्या व्याख्या तिच्यापुढे फार वेळ टिकणार नाहीत. तरीही प्रश्न उरतोच. फटक्यांनी दारू सुटेल; निग्रह येईल काय? ज्याला धाक बसला तो गावाच्या शिवेपर्यंत शुद्धीवर राहील, आणि शिवेपलीकडे त्याला कोण पाहणार? शिवाय प्रौढ मनुष्यास मूल मानून पाजलेल्या औषधात एक दोष असतो : तो पुन्हा प्रौढ केव्हा झाला, हे ठरविण्याचा अधिकार पाजणाराच आपल्या हाती ठेवतो.

ह्याच तालुक्याने दुसरी एक रीत पूर्वीच पाहिली होती. पारनेरास १८८० साली जन्मलेले सेनापती बापट हे विलायतेस जाऊन बाँबची विद्या शिकून आलेले क्रांतिकारक. पुढे मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती. हा मनुष्य गावी असता सकाळी उठून हाती झाडू घेई आणि पारनेरचे रस्ते झाडी. त्यांनी कोणास झाडावयास बांधून घातले नाही. ही रीत निर्मळ खरी. परंतु एकाने झाडलेला रस्ता दुसरा मनुष्य निर्धास्तपणे घाण करू शकतो, आणि बहुधा करतोही. सेनापतींच्या अंगचे तेज आपल्यापैकी हजारांत एकाच्याही अंगी नसेल. त्या एकाच्या भरवशावर विहिरी भरत नाहीत.

ह्या दोहोंच्या मधली वाट मला नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे दिसते. १९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. राळेगणचीच सूत्रे ह्या गावाने घेतली, पण पाण्याच्या बाबतीत आणखी पुढे पाऊल टाकले. शेतीसाठी विंधन विहीर नाही, ऊस नाही, केळी नाही. पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरचा. तो मोजावयाचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवावयाचा, माणसांचे व गुरांचे पाणी आधी राखावयाचे, आणि उरेल त्यावर पिके ठरवावयाची. पाऊस तोकडा झाला तर पिकांनाही आवर घालावयाचा.

मला ह्यात नियमापेक्षा नियमाची वेळ अधिक महत्त्वाची वाटते. पेरणी व्हावयाची असते; उभे पीक डोळ्यांपुढे वाळत नसते; कोणाचाही हात अजून पंपाच्या खटक्यावर नसतो. मोह दाराशी येण्यापूर्वीच मनुष्य स्वतःस बांधून घेतो, आणि गाठ मारताना त्याचाही हात दोरीस लागलेला असतो. पुढे ती काचली तरी ती परक्याने आवळली असे त्यास म्हणता येत नाही. अर्थात ग्रामसभा म्हणजे काही स्वर्गसभा नव्हे. कोठल्याही गावात एकमताच्या आड दुबळ्याचा ‘नाही’ दडपला जाण्याचा संभव असतोच. मौन म्हणजे संमती असे मानणारी सभा खांबापासून फार दूर नसते. म्हणून ज्याला नियम पाळावयाचा आहे त्याला तो ठरविताना मोकळेपणी बोलता आले होते काय, एवढे विचारल्यावाचून अशा कोणत्याही गावाची प्रशंसा करू नये.

घर ही लहानशी ग्रामसभाच आहे. आमच्या घरी गेल्या दिवाळीत असे ठरले की, रात्री नऊनंतर प्रत्येकाने आपला मोबाईल देवघराशेजारच्या फडताळात ठेवावा. ठराव माझा होता. आठ वर्षांच्या नातीचेही मत घेतले; तिचा स्वतःचा मोबाईल नसल्याने तिने ते फार उत्साहाने दिले. पंधरा दिवसांनी एका रात्री मी पांघरुणात तोंड घालून बातम्या वाचीत होतो. ती पाणी प्यावयास उठली होती. काही न बोलता तिने फडताळाचे दार उघडले, आतील मोबाईल बोटाने मोजले, आणि दार तसेच उघडे ठेवून ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी उठलो.