गृहस्थाचे दिग्व्रत

मुंबईच्या उपनगरांत घर घेणारा माणूस काही प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारतो. हाताशी पैसे किती, कर्ज किती मिळेल, त्यात वन बीएचके बसेल की टू बीएचके, कार्पेट एरिया किती. मग त्या आकाराचे घर त्या पैशांत जिथे मिळेल तिथवर तो सरकत जातो. ठाण्यात जमले नाही तर डोंबिवली, डोंबिवलीत नाही तर बदलापूर. बोरिवलीत जमले नाही तर विरार, तिथेही नाही तर पालघर. कामाच्या ठिकाणापासूनचे अंतर या हिशेबात सगळ्यात शेवटी येते. हा क्रम उलटा असायला हवा, असे माझे ठाम मत आहे. रोजच्या प्रवासाची मर्यादा आधी ठरवावी आणि त्या मर्यादेत जेवढे घर परवडेल तेवढे घ्यावे. हा निव्वळ सोयीचा सल्ला वाटेल, पण घर कुठे घ्यायचे हा प्रश्न मुळात गृहस्थधर्माचा आहे. गृहस्थ कोणाचे काय देणे लागतो आणि ते फेडायला त्याच्याजवळ काय उरते, हे त्या एका निर्णयाने पुढच्या अनेक वर्षांसाठी ठरून जाते.

लांब राहणे शक्य झाले ते रेल्वेमुळे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा सुमारे ३४ किलोमीटरचा तो प्रवास हे एक नवल होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेवरची गाडी सुरू झाली आणि पुढच्या काळात रुळांच्या कडेकडेने शहर लांबत गेले. आज सीएसएमटीपासून डोंबिवली सुमारे ४८, कल्याण ५४, बदलापूर ६८ आणि कर्जत १०० किलोमीटरवर आहे. चर्चगेटपासून विरार ६० किलोमीटर. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये असे मांडले की माणूस कोणत्याही काळात दिवसातला साधारण तासभर प्रवासाला देतो. वाहन वेगवान झाले की तो वेळ वाचवत नाही, तेवढ्याच वेळात आणखी लांब राहायला जातो. मुंबईतल्या असंख्य नोकरदारांनी ही तासाची सीमाही कधीच ओलांडली आहे. घराच्या दारापासून कचेरीच्या दारापर्यंत दीड तास लागणे इथे कोणाला विशेष वाटत नाही. जाऊन-येऊन तीन तास आणि वर्षाला २८० कामाचे दिवस धरले तर ८४० तास होतात, म्हणजे पूर्ण ३५ दिवस आणि रात्री. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत त्याचे ७०० दिवस भरतात. बँकेच्या तक्त्यात व्याजाचा रुपया न् रुपया मांडलेला असतो. हे ७०० दिवस कुठल्याच करारनाम्यात लिहिलेले नसतात, तरी घराची किंमत म्हणून ते फेडावे लागतातच. रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने आयुष्याच्या अल्पतेवर लिहिताना नेमकी हीच तक्रार केली होती: माणसे मालमत्ता जपताना काटेकोर असतात आणि वेळ वाटताना सढळ, जणू तो फुकटच मिळाला आहे.

या वेळेवर हक्क कोणाचा, याचे एक जुने उत्तर आपल्या परंपरेत आहे. शतपथ ब्राह्मणात आणि गृह्यसूत्रांत गृहस्थाला पाच महायज्ञ सांगितले आहेत: ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. अध्ययन, उपासना, पूर्वजांचे स्मरण, प्राणिमात्रांना घास आणि दारी आलेल्या माणसाचे आदरातिथ्य, असा त्यांचा आशय आहे. ते रोज करायचे आहेत, सवडीने नव्हे, आणि त्यांना मोठे घर किंवा मोठा खर्च लागत नाही. मूठभर अन्न, थोडे पाणी, घटकाभर मन पुरते. मात्र एक गोष्ट त्या पाचांनाही लागते: गृहस्थ घरात आणि भानावर असणे. आजच्या भाषेत सांगायचे तर मुलाचा अभ्यास घेणे, स्वतः काही वाचणे, म्हाताऱ्या आईचे बोलणे मध्येच न तोडता ऐकणे, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला जाणे, हे सगळे त्या पाचांतच येते. पंढरपूरच्या पुंडलिकाची कथा महाराष्ट्राला इतकी जवळची वाटते, कारण तिच्यात आईवडिलांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष देव ताटकळत उभा राहतो. समर्थ रामदासांनीही दासबोधाच्या बाराव्या दशकात प्रपंच नीट सांभाळून परमार्थाकडे वळायला सांगितले. रात्री नऊला दमून घरात येणारा आणि पहाटे पाचला पुन्हा निघणारा माणूस प्रपंचासाठीच राबत असतो, यात शंका नाही. पण प्रपंचातले जे केवळ त्यानेच करायचे आहे, ते त्याच्या हातून निसटत जाते.

मर्यादा आधी ठरवावी या म्हणण्यालाही भक्कम आधार आहे, आणि तो जैन गृहस्थाच्या बारा व्रतांत सापडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ही व्रते मांडली आहेत. पाचवे अणुव्रत परिग्रहाचे माप ठरवण्याचे: घर, जमीन, धन, धान्य किती बाळगायचे याची सीमा श्रावकाने, म्हणजे जैन गृहस्थाने, स्वतः घालून घ्यायची. त्याच्या पाठोपाठ दिग्व्रत येते. आपण प्रत्येक दिशेला किती दूरपर्यंत जाऊ हे आधीच ठरवायचे आणि त्यापलीकडे व्यवहार करायचा नाही. वस्तूंच्या संचयाला आवर घालायला सांगणारे धर्म पुष्कळ आहेत. अंतराच्या हावेलाही आवर घालावा लागतो, हे फार थोड्यांनी ओळखले. ज्यू धर्मात शब्बाथच्या दिवशी वस्तीबाहेर दोन हजार हातांपलीकडे जायचे नाही असा दंडक आहे; त्यामागचे प्रयोजन वेगळे, पण पवित्र गोष्ट जपण्यासाठी पावलांना सीमा हवी ही समज तीच. तत्त्वार्थसूत्र आणखी पुढे जाऊन दिग्व्रताचे दोषही सांगते. एका दिशेची मर्यादा ओलांडणे, सोयीने क्षेत्र वाढवून घेणे आणि घातलेली मर्यादा विसरून जाणे हे त्यांतले मुख्य. घर शोधणारे कुटुंब या तिन्ही दोषांतून जाते. सुरुवातीला कुर्ल्यापासून पाऊण तासाच्या आत घ्यायचे ठरलेले असते. मग एक खोली जास्त मिळते म्हणून दोन स्टेशने पुढे, गच्ची मिळते म्हणून आणखी तीन, आणि अखेर पाऊण तास ही अट कधी काळी होती हेही कोणाला आठवत नाही. व्रत म्हणजे स्वतःला दिलेला असा शब्द, की मोह समोर उभा असताना तो नव्याने तपासायला काढायचा नाही. घरखरेदीसारख्या मोहाच्या वेळी असा शब्द सर्वांत उपयोगी पडतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल की मोठे घर हेही कुटुंबासाठीच असते, त्यामुळे प्रवासाचा त्रास भरून निघतो. हा दावा तपासला गेला आहे. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीवरून दाखवले की जास्त वेळ प्रवास करणारी माणसे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असतात. चांगले घर किंवा जास्त पगार मिळून ती तूट भरून निघायला हवी होती, तशी ती निघत नाही. याचे कारण मला असे दिसते: जास्तीच्या खोलीचे अप्रूप काही महिन्यांत ओसरते, गर्दीचा प्रवास मात्र रोज नव्याने सोसावा लागतो. तरीही या आक्षेपातला एक भाग मला पूर्ण मान्य आहे. गावाकडच्या आईवडिलांना जवळ आणायचे आहे आणि एका खोलीत ते शक्य नाही, म्हणून कोणी लांबचे मोठे घर घेत असेल तर तो त्याचा पितृयज्ञच आहे. पण मग घराचे माप ती खोली कोणासाठी आहे यावरून ठरते. पाहुण्यांना दाखवण्यासाठी वाढवलेला दिवाणखाना आणि आईसाठी घेतलेली खोली यांचे चौरस फूट सारखे भरले तरी त्यांचे मोल सारखे नाही.

दुसरा आक्षेप अधिक हृद्य आहे. लोकलमधला वेळ वाया जातो हे कोणी सांगितले? डब्यात भजनी मंडळे टाळ-चिपळ्या घेऊन रंगतात, बायका भाजी निवडतात, वाढदिवस आणि दसरा साजरे होतात, वर्षानुवर्षांचे स्नेह जुळतात, परीक्षेचा अभ्यास होतो. हे सगळे खरे आहे आणि माणसाच्या थोरवीचे लक्षण आहे. अडचणीतही भक्ती आणि मैत्री उभी करता येते, याचा तो पुरावा आहे. अडचण आवश्यक असल्याचा नाही. शिवाय उपासना गाडीत होऊ शकते, पण मुलाला कुशीत घेणे आणि आजाऱ्याच्या उशाशी बसणे गाडीत होत नाही. तिसरा आक्षेप याच्याच पुढचा: कष्ट सोसणे हे तप आहे, सुखाचा प्रवास मागणे ही चैन. गीतेने सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगताना हट्टाने स्वतःला पीडा देणाऱ्या तपाला तामस म्हटले आहे, आणि सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा या सगळ्यांत प्रमाण राखणाऱ्यालाच योग साधतो असे सांगितले आहे. शिवाय या कष्टांचा भार एकट्याच्या खांद्यावर राहत नाही. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली पहिली महिला विशेष लोकल सुरू झाली, तोवर लाखो घरांत दोघांनीही नोकरी करणे रुळले होते. घरातल्या कामाची वाटणी मात्र तेवढी बदलली नाही. ज्या बाईला परतल्यावर कुकर लावायचा आहे, तिचा एक तास आणि परतल्यावर टीव्हीसमोर बसणाऱ्याचा एक तास हिशेबात सारखे धरणे अन्याय आहे. म्हणून दोघे दोन दिशांना कामाला जात असतील तर दोन्ही प्रवासांची नुसती बेरीज करून भागणार नाही. ज्याच्यावर घराचा भार जास्त, त्याच्या प्रवासाची मर्यादा आधी ठरली पाहिजे.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे: ही निवड असते तरी किती जणांना? १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या कामगारवस्त्या उद्ध्वस्त होत गेल्या. पायी कामावर जाणाऱ्यांची मुले डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला फेकली गेली, आणि गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. त्याच कामगारांच्या वारसांना आता वांगणी-शेलूला घरे देण्याची योजना पुढे येते तेव्हा मुंबईतच घर हवे म्हणून ते रस्त्यावर उतरतात. त्यांच्या मागणीत गृहस्थधर्माची ही सगळी जाण आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर खचाखच भरलेल्या लोकलमधून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा गर्दीतून रोज जाणाऱ्यांना व्रताचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. जो मर्यादा घालूच शकत नाही त्याच्यावर मर्यादेचे ओझे टाकता येत नाही, हे मी निःशंकपणे मान्य करतो. पण यातून तत्त्व खोटे ठरत नाही, उलट त्याची व्याप्ती वाढते. प्रत्येक गृहस्थाला आपल्या माणसांसाठी वेळ असायला हवा हे खरे असेल, तर कामाजवळ परवडणारी भाड्याची आणि मालकीची घरे, पुरेशा गाड्या आणि उपनगरांतच रोजगार हे समाजाने द्यायचे देणे ठरते. ज्यांना निवड आहे त्यांनी ती नीट करावी, आणि ज्यांना नाही त्यांच्यासाठी ती मिळवायला झटावे.

निवड करू शकणाऱ्याने हे व्रत कसे मोजावे, तेही सांगितले पाहिजे. जाहिरातीतले ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे माप नव्हे. माप दारापासून दारापर्यंतचे: शेअर रिक्षाची रांग, पूल, तिथून सुटणारी लोकल मिळते की मागून भरून आलेली, आणि मुख्यतः संध्याकाळचा परतीचा प्रवास. ते माप घर पाहायला गेलेल्या रविवारी दुपारी कळत नाही. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, शक्य तर पावसाळ्यात, ते स्वतः चालून घ्यावे लागते. उद्या येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आजचे अंतर कमी धरू नये. घाटकोपर–वर्सोवा या सुमारे साडेअकरा किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन २००६ मध्ये झाले आणि ती ८ जून २०१४ रोजी धावली. ज्या मुलासाठी घर घेतले त्याचे अर्धे बालपण आठ वर्षांत सरते. नोकरी बदलली तर सगळा हिशेब कोलमडेल, ही शंका रास्त आहे; म्हणून एका कचेरीपेक्षा अनेक दिशांना वाटा फुटणारे ठाणे, कुर्ला, अंधेरीसारखे ठिकाण जवळ ठेवावे, आणि ते विकत परवडत नसेल तर तिथे भाड्याने राहण्यात कमीपणा मानू नये. घराची मालकी हे गृहस्थाश्रमाचे अंग आहे असे मी तरी मानत नाही.

घर किती मोठे हवे याला अंत नसतो, कारण प्रत्येक खोलीपलीकडे आणखी एक खोली दिसत राहते. दिवस मात्र चोवीस तासांचाच राहतो, आणि गृहस्थाची सगळी देणी त्यातूनच फेडायची असतात. ज्या गोष्टीला निसर्गानेच सीमा घातली आहे तिच्यापासून हिशेब सुरू करावा आणि जी हवी तेवढी वाढवता येते तिला त्या सीमेत बसवावे, हाच विवेक आहे. म्हणून घर पाहायला निघण्याआधी नवरा-बायकोने, घरात वडीलधारे असतील तर त्यांनाही जवळ बसवून, एकच आकडा ठरवावा: रोज किती वेळापर्यंत आपण एकमेकांपासून दूर राहायला तयार आहोत. तो कागदावर लिहावा आणि मग एजंटला फोन करावा.