ओमाहाचे एक मत

२०२४च्या निवडणुकीआधी अमेरिकेतल्या ओमाहा शहरात घरांपुढच्या हिरवळीवर पांढऱ्या पाट्या दिसू लागल्या. त्यांवर ना उमेदवाराचे नाव, ना पक्षाचे चिन्ह. मधोमध नुसता एक निळा ठिपका. पहिली पाटी एका जोडप्याने घरच्या घरी स्प्रे मारून रंगवली होती. बघता बघता अशा हजारो पाट्या उभ्या राहिल्या. नेब्रास्का हे रिपब्लिकन राज्य, निवडणुकीच्या नकाशावर लालभडक. त्यात ओमाहाचे एक इलेक्टोरल मत मात्र डेमोक्रॅट उमेदवाराला जाऊ शकत होते, आणि ते काढून घेण्याचा घाट राज्याच्या राजधानीत घातला जात होता.

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ५३८ इलेक्टोरल मतांवर ठरतो. जिंकायला २७० लागतात. ४८ राज्यांत जो पुढे, त्याला राज्याची सगळी मते. मेन आणि नेब्रास्का ही दोनच राज्ये निराळी. नेब्रास्काच्या पाच मतांपैकी दोन राज्यभरच्या विजेत्याला मिळतात आणि उरलेली तीन काँग्रेसच्या तीन मतदारसंघांत जो जो पुढे असेल त्याला. १९९१ साली डायना शिमेक या आमदारबाईंनी हा कायदा करून घेतला. एरवी राज्याकडे न फिरकणारे उमेदवार एका मताच्या आशेने तरी येतील, असा त्यामागचा हिशेब. तो खरा ठरला. ओमाहाचा दुसरा मतदारसंघ २००८मध्ये ओबामांकडे गेला, २०२०मध्ये बायडन यांच्याकडे, २०२४मध्ये कमला हॅरिस यांच्याकडे.

२०२४चे गणित असे होते, की हॅरिस यांनी मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया राखले आणि बाकीची अटीतटीची राज्ये गमावली, तरी ओमाहासकट बरोबर २७० भरत. ओमाहा वजा केले की २६९-२६९ अशी बरोबरी, आणि मग निर्णय प्रतिनिधिगृहाकडे, तोही दर राज्याला एक मत या पद्धतीने. म्हणून मतदानाला जेमतेम दीड महिना उरला असताना दक्षिण कॅरोलायनाचे सिनेटर लिंडसी ग्रॅहम थेट राजधानी लिंकनला पोचले आणि नेब्रास्काच्या रिपब्लिकन आमदारांना भेटले. गव्हर्नर जिम पिलन विशेष अधिवेशन बोलवायला तयार होते. अट एकच, अडवणूक मोडायला लागणाऱ्या ३३ मतांची खात्री हवी. डेमोक्रॅटांकडे झुकलेल्या मेननेही आपला कायदा बदलून परतफेड करण्याचा इशारा आधी दिलेला होता. पण मेनमध्ये नवा कायदा लागू व्हायला सर्वसाधारणपणे अधिवेशन संपल्यावर ९० दिवस जावे लागतात. सप्टेंबरात ती वेळ टळून गेली होती.

नेब्रास्काचे विधिमंडळ ४९ जणांचे, एकाच सभागृहाचे. मतपत्रिकेवर उमेदवारापुढे पक्षाचे नाव छापत नाहीत. व्हिपची दहशत आपल्याकडे १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने घटनेतच आणून बसवली. तशी तिथे नाही. ‘पक्षाने सांगितले, माझा नाइलाज झाला’ असे म्हणायची सोय तिथल्या आमदाराला नाही, आणि म्हणूनच तो नेमका कुणाचा प्रतिनिधी, हा प्रश्न तिथे उघडावाघडा दिसतो.

सगळे येऊन थांबले माइक मॅक्डॉनेल यांच्यापाशी. हे ओमाहाचे आमदार, अग्निशामक दलातले जुने कामगार पुढारी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्ष सोडून रिपब्लिकन पक्ष धरला होता. नव्या पक्षाला त्यांचे मत हवे होते. त्यांच्या शहरातल्या पाट्या उलटे सांगत होत्या. २३ सप्टेंबरला त्यांनी जाहीर केले, की निवडणुकीच्या तोंडावर नियम बदलायला आपण मत देणार नाही; बदल करायचाच तर घटनादुरुस्ती करा आणि ती राज्यातल्या मतदारांपुढे ठेवा. विषय तिथेच मिटला. ट्रम्प अखेरीस ३१२ मतांनी जिंकले, ओमाहाच्या मताने काही अडले नाही. पुढच्या वर्षी मॅक्डॉनेल ओमाहाच्या महापौरपदासाठी उभे राहिले आणि पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मला त्यांची भूमिका मोलाची वाटते.

मात्र पश्चिम नेब्रास्कातल्या गुराढोरांच्या मुलखातून आलेला आमदार जेव्हा म्हणतो, की सगळी पाच मते एकगठ्ठा जावीत, तेव्हा तो आपल्या मतदारांशी बेइमानी करत नसतो. त्यांचे म्हणणे बहुधा तेच असते. ओमाहाचे मतदारही काही एका पक्षाला बांधलेले नाहीत. २०२४मध्ये त्यांनी हॅरिस यांना आघाडी दिली आणि त्याच दिवशी काँग्रेसवर रिपब्लिकन डॉन बेकन यांना पुन्हा पाठवले. लोकांचे मन एवढे बारीक असते. प्रत्येक आमदार आपापल्या मतदारांशी प्रामाणिक असूनही सगळ्यांनी मिळून केलेला नियम अन्यायाचा होऊ शकतो, ही या प्रकरणातली खरी अडचण आहे.

अमेरिकेच्या राज्यघटनेने इलेक्टर नेमायची रीत ठरवणे राज्यांच्या विधिमंडळांवर सोपवले, आणि विधिमंडळांनी ती पहिल्यापासून वारा पाहून बदलली. १८००च्या निवडणुकीसाठी व्हर्जिनियाने मतदारसंघांची पद्धत टाकून सगळी मते एकत्र केली, कारण त्यात जेफरसन यांचा फायदा होता. मॅसॅच्युसेट्सने जनतेकडून निवड काढून विधिमंडळाकडे घेतली, कारण त्यात ॲडम्स यांचा. मिशिगनमध्ये डेमोक्रॅटांच्या हाती सत्ता येताच १८९१मध्ये मतदारसंघांची पद्धत आली. १८९२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचा तो अधिकार मान्य केला. पुढे सत्ता फिरली आणि पद्धतही गेली. २०११मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रिपब्लिकनांनी हीच पद्धत सुचवली. ती आली असती, तर २०१२मध्ये राज्य जिंकूनही ओबामांना २०पैकी सातच मते मिळाली असती. मतदारसंघांच्या सीमाच तशा आखलेल्या होत्या. म्हणजे मते वाटणे न्यायाचे की एकगठ्ठा देणे, याला एकच उत्तर नाही. रेषा कोण आखतो, यावर ते ठरते, आणि रेषा बहुतेक राज्यांत हेच आमदार आखतात.

रस्ते, शाळा, कर यांबाबत आमदाराने आपल्या बुद्धीने निर्णय घ्यावा. त्यासाठीच तो निवडून दिलेला असतो. मते कशी मोजायची हे ठरवताना मात्र तो स्वतःच लाभार्थी असतो. तिथे मतदारांची संमती गृहीत धरायचा त्याला अधिकार नाही, असे माझे ठाम मत आहे. तिथे त्याने विचारायला हवे.

कोलोरॅडोत असे विचारले गेले. देशभरात ज्याला सर्वाधिक मते त्यालाच आपल्या राज्याची सगळी इलेक्टोरल मते, असा राज्याराज्यांतला करार आहे; सामील राज्यांची मते २७० झाली की तो लागू होतो. मेरिलँडने २००७मध्ये सुरुवात केली, पुढच्याच वर्षी न्यू जर्सी आले, आणि २०२४पर्यंत बेरीज २०९वर पोचली. कोलोरॅडोच्या विधिमंडळाने २०१९मध्ये सही केली, तेव्हा विरोधकांनी सह्या गोळा करून तो कायदा मतपत्रिकेवर आणला. नोव्हेंबर २०२०मध्ये सुमारे ५२ टक्के मतदारांनी तो राखला. हरलेल्यांना तो आवडला नसेल. पण आपल्याला न विचारता केला, असे आता त्यांना म्हणता येत नाही.

या कराराची खरी कसोटी २०२४नेच दाखवली. सामील झालेल्या सगळ्या राज्यांत हॅरिस पुढे होत्या आणि देशभरात ट्रम्प. करार लागू असता, तर न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत सगळी मते ट्रम्प यांना द्यावी लागली असती. एडिसनमध्ये घर केलेल्या आपल्या मराठी नागरिकाचे मत आज राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत फारसे हिशेबात नसते, कारण न्यू जर्सीचा निकाल आधीच ठरल्यासारखा असतो. करारामुळे ते मत देशाच्या बेरजेत मिळेल. पण कधीतरी राज्याने नाकारलेल्या उमेदवाराला राज्याची मते जातील. मला हा सौदा मान्य आहे. तरी तो त्या नागरिकाच्या वतीने कुणी परस्पर करावा, हे मान्य नाही. करारातले एक कलम मात्र शहाणपणाचे आहे: राष्ट्राध्यक्षाची मुदत संपायला सहा महिने किंवा त्याहून कमी उरले असताना कुणी बाहेर पडले, तर ते त्या निवडणुकीपुरते लागू होत नाही. नेब्रास्काच्या कायद्याला असे कुलूप असते, तर ग्रॅहम यांना लिंकनला यायचे कारणच उरले नसते.

नेब्रास्कात एकगठ्ठा मतांचे विधेयक एप्रिल २०२५मध्ये पुन्हा आले. अडवणूक मोडायला ३३ मते हवी होती, मिळाली ३१. ते पुन्हा येईल. प्रश्न मतदारांपुढे ठेवला, तर ओमाहा हरण्याचीच शक्यता जास्त, हे मला कळते. तरीही तो ठेवावा, आणि निकाल काहीही लागो, त्याची अंमलबजावणी एक निवडणूक सोडून पुढच्या निवडणुकीपासून करावी, म्हणजे कौल देताना कुणापुढे कुणा उमेदवाराचा चेहरा नसेल. नेब्रास्काला हे नवे नाही. दोन सभागृहे मोडून एकच ठेवावे, हे १९३४मध्ये जॉर्ज नॉरिस यांच्या प्रचारानंतर तिथल्या मतदारांनीच ठरवले. १९३७पासून जे सभागृह विधेयकांवर मते मोजत आले आहे, ते त्या कौलातूनच जन्मले आहे.