भावाला पाखंडी म्हणण्याआधी

चि. बाळ,



तुझं पत्र मिळालं. धाकट्यानं नव्या मंडळीत जाऊन दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला, तोही ‘फक्त येशूच्या नावानं’. आईवडिलांचा बाप्तिस्माच झाला नाही, असं तो तुझ्या तोंडावर म्हणाला. त्यावर तू त्याला पाखंडी म्हणालास आणि येत्या लग्नात त्याला प्रार्थना करू द्यायची नाही असं ठरवून मोकळा झालास. आता मी त्याची कानउघाडणी करावी, अशी तुझी इच्छा दिसते. त्याला मी स्वतंत्र लिहीनच. आधी तुला लिहिते, कारण थोरला तू आहेस आणि आईच्या माघारी घर तुझ्या शब्दावर चालतं.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव आहे, हे त्रैक्य मी मानते आणि मरेपर्यंत मानीन. ‘सगळं एकच, कशाला भांडता’ असं म्हणून मी तुला गप्प करणार नाही. येशू कोण, हा आपल्या विश्वासाचा कणा आहे. त्याबद्दल दोन भावांचं पटत नसेल, तर ते दोघांनाही लागलंच पाहिजे. पण लागणं वेगळं आणि तोडणं वेगळं.

पहिली गोष्ट ही की, तो काय म्हणतो ते नीट ऐक. ‘तो यहोवाच्या साक्षीदारांसारखा येशूला देव मानत नाही,’ असं तू लिहितोस. त्याच पत्रात पुढं तूच सांगतोस की, पिता, पुत्र आणि आत्मा ही येशूचीच तीन रूपं, असं तो म्हणतो. ही दोन मतं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. पुत्र हा देवानं निर्माण केलेला, हे साक्षीदारांचं मत; तसंच चौथ्या शतकात आलेक्झांड्रियाचा आरियस म्हणत होता. त्याच्या मताला इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मसभेनं नकार दिला. देव एकच व्यक्ती आहे आणि तोच तीन रीतींनी प्रकट होतो, हे मत त्याहून जुनं, तिसऱ्या शतकातल्या साबेलियसच्या नावानं ओळखलं जाणारं. धाकट्याची नवी मंडळी ज्या प्रवाहातली आहे, तो १९१३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या पेंटेकॉस्टल मंडळ्यांत निघाला आणि १९१६ मध्ये त्यावरून ‘असेंब्लीज ऑफ गॉड’मध्ये फूट पडली. म्हणजे तुझा भाऊ येशूचं देवपण नाकारत नाही, उलट सगळं देवपण एकट्या येशूत पाहतो. जे तो म्हणतच नाही, त्याबद्दल त्याला दोष देऊ नकोस.

दुसरी गोष्ट तुझ्या पुराव्यांची. १ योहान ५:७ मधली स्वर्गातल्या तीन साक्षीदारांची ओळ तू त्याला जुन्या पुस्तकातून दाखवलीस आणि त्यानं ती उडवून लावली. इथं तो बरोबर आहे. ती ओळ जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाही. इरॅस्मसनं १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ती घेतलीच नव्हती, ओरड झाल्यावर १५२२ मध्ये घातली. खरं मत कच्च्या पुराव्यावर उभं करू नये. त्यापेक्षा येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देनेकाठी जाऊन बस: पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा उतरतो आहे आणि आकाशातून पित्याची वाणी येते आहे. गेथशेमाने बागेत येशू कुणाची विनवणी करत होता, हे त्याला शांतपणे विचार. आणि येशूच्या नावानं बाप्तिस्मा घ्या असं सांगणारं प्रेषितांची कृत्ये २:३८ तो दाखवतो तेव्हा पान उलटू नकोस. ते वचन तुझ्याही बायबलात आहे, तसंच पिता, पुत्र आणि आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा द्या असं सांगणारं मत्तय २८:१९ त्याच्याही बायबलात आहे. दोन्ही एकत्र बसून वाचा.

तू लिहितोस, ‘आपल्या नगरच्या मंडळीत असला वाद कधी नव्हता.’ बाळ, आपली मंडळी या वादाच्या पोटातूनच आली आहे. १८०५ मध्ये अमेरिकेत हार्वर्डच्या धर्मशास्त्राच्या गादीवर त्रैक्य न मानणारा माणूस बसला. त्याला उत्तर म्हणून जुन्या मताच्या लोकांनी अँडोव्हरचं धर्मशास्त्राचं विद्यालय काढलं. तिथल्या विद्यार्थ्यांच्या तळमळीतून १८१० मध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. त्याच बोर्डाचे मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये नगरला आले. इकडं हे चाललं असताना तिकडं मॅसॅच्युसेट्समध्ये गावोगावच्या मंडळ्या फुटत होत्या. डेढॅम गावात त्रैक्यवादी सभासद बहुसंख्य असूनही १८२० मध्ये कोर्टाचा निकाल त्यांच्या विरुद्ध गेला आणि चर्चची मालमत्ता हातची गेली. एकाच बाकावर बसणारी माणसं कोर्टाच्या पायऱ्या चढली, आणि त्रैक्याचा प्रश्न होता तिथंच राहिला.

जोर करूनही तो सुटत नाही. नायसियानंतर बादशहा बदलत गेले तसे शिक्षा भोगणारेही बदलले. त्रैक्याचा कैवारी अथनेशियस पाच वेळा हद्दपार झाला. उलट १५५३ मध्ये जिनिव्हात त्रैक्य नाकारणाऱ्या सर्व्हेटसला आपल्याच प्रॉटेस्टंट बांधवांनी जिवंत जाळलं. त्या आगीनं एकाही माणसाला त्रैक्य पटलं असेल, असं मला वाटत नाही.

आता तुझ्या जवळची गोष्ट सांगते. तुझ्या काष्टीहून भीमा ओलांडली की दौंड, आणि दौंडहून पुण्याच्या वाटेवर केडगाव. नगरजवळचं नव्हे, पंडिता रमाबाईंचं. तिथलं मुक्ती मिशन तू पाहिलं आहेस. पण त्या बाईंना त्रैक्य किती जड गेलं, हे तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या सहवासात त्यांचं मन एकेश्वरी मतावर घडलेलं होतं. पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकताना त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. अथनेशियसच्या नावचा मतांगीकार, जो न मानणाऱ्याला नाशाचं भय घालतो, तो म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. भटशाहीचं जोखड मोठ्या कष्टानं झुगारल्यावर लगेच दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, असं त्यांनी १८८५ मध्ये स्वच्छ कळवलं. त्या वेळी त्या सत्तावीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, पदरी लहान मुलगी होती आणि आश्रय वाँटेजच्या त्या सिस्टरांचाच होता.

हा वाद ज्यांच्याशी चालला, त्या वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिनना रमाबाई पत्रांत ‘आजीबाई’ म्हणत. तीच पत्रं, ज्यांत शिष्येनं गुरूला खोडून काढलं आहे, ती सिस्टरनं जपली आणि जुळवून ठेवली. म्हणून १९७७ मध्ये ती महाराष्ट्रात छापली गेली. सिस्टर कधी कठोर झाल्या, रमाबाईही झाल्या, पण पत्र थांबलं नाही. रमाबाईंना ख्रिस्त मनापासून सापडला तो पुढं भारतात, १८९१ च्या सुमारास. मग दुष्काळातल्या मुलींसाठी केडगाव उभं राहिलं, १९०५ मध्ये तिथं पवित्र आत्म्याचं संजीवन झालं, आणि हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणण्याचं काम त्यांनी १९२२ मध्ये मरणापूर्वी पुरं केलं. वाँटेजनं १८८५ मध्ये ‘मान, नाहीतर नातं संपलं’ असं म्हटलं असतं, तर? शंका घेणाऱ्याला देव वेळ देतो. आपण देव नाही, मग आपण तरी का देऊ नये?

म्हणून मी सांगते तसं कर. ‘पाखंडी’ हा शब्द परत घे, तोही त्याच्या बायकोसमोर, कारण उच्चारलास तोही तिच्यासमोरच. चर्चमधल्या प्रभुभोजनाचा निर्णय पाळकांचा आहे, तो त्यांच्यावर सोड. पण घरची पंगत चर्चची नाही. तिथं त्याचं पान वाढलंच पाहिजे. शनिवारचा बाजार उरकला की त्याच्याकडं जा आणि योहानाचे चौदा ते सतरा अध्याय वाचा, एकेका शनिवारी एक. पुत्र पित्याशी बोलतो, आत्म्याचं वचन देतो, ते तिथं आहे. तू काय मानतोस ते त्याला ठाम सांग. आपला बाप्तिस्मा एकच, तो दुसऱ्यांदा होत नाही, हेही सांग. त्याचं ऐकून तुझा विश्वास डळमळेल अशी भीती असेल, तर दोष त्याचा नाही, तुझ्या वाचनाचा आहे.

आईवडिलांचा बाप्तिस्मा त्यानं खोटा ठरवला, हे मलाही झोंबलं. माझ्या बहिणीनं ज्या नावांनी उभा जन्म प्रार्थना केली, ती देवानं ऐकलीच नाहीत, असं म्हणायचा अधिकार त्याला कुणी दिला, हे मी त्याला विचारणार आहे. ते काम माझ्यावर सोपव.

लग्नातली जेवणाआधीची प्रार्थना त्याला करू दे. तो ‘येशूच्या नावात’ म्हणेल, आणि त्याला तुम्ही सगळे ‘आमेन’ म्हणाल, कारण आपणही प्रत्येक प्रार्थना त्याच नावानं संपवतो. मी दोन दिवस आधी येते. येण्यापूर्वी तू त्याच्या घरी जाऊन आलास, एवढं मला फोनवर कळव.

तुझी,
मावशी