रात्रीं आलेला शिष्य

वाचावयाचा भाग : योहान ३:१-१५, ७:४५-५२, १९:३८-४२



भीतीचे प्रकार पुष्कळ आहेत. पाऊस गेला तर काय, ही एक भीति. मूल तापानें फणफणलें असतां आईच्या काळजांत उठते ती दुसरी. परंतु आमच्या मंडळ्यांतून जी भीति पुष्कळांचें तोंड बंद करिते ती निराळीच आहे. ती म्हणजे मनुष्यांची भीति. भाऊबंद काय म्हणतील? लग्नकार्यास कोण बोलावील? अडल्यानडल्यास कोण धांवून येईल? असे प्रश्न मनांत उभे राहिले म्हणजे ओठांवर आलेलें प्रभूचें नांव तेथेंच गिळलें जातें. नीतिसूत्रांत ह्या भीतीला पाश म्हटलें आहे, तें यथार्थ आहे. पाशांत सांपडलेलें पांखरूं जिवंत असतें, परंतु त्याला उडतां येत नाहीं.

ह्या पाशांत सांपडलेला एक मनुष्य योहानाच्या शुभवर्तमानांत आपणांस तीन वेळां भेटतो. त्याचें नांव निकदेम. तो परूशी होता, यहूद्यांचा अधिकारी होता, लोकांचा गुरु होता. ज्याच्यापाशीं मान फार, त्याला गमावण्याची भीतिही फार. येशू हा ख्रिस्त आहे असें जो कबूल करील त्याला सभास्थानांतून घालवून द्यावें, असा ठराव यहूद्यांनीं केला होता, असें योहानाच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. आमच्या खेड्यांच्या भाषेंत ह्यालाच वाळींत टाकणें म्हणतात. तेव्हां जेथें असें वारें वाहत होतें तेथें निकदेम दिवसा न येतां रात्रीं आला, ह्यांत नवल तें काय?

नवल आहे तें प्रभूच्या वागणुकीचें. त्यानें दार लावून घेतलें नाहीं. "उद्यां उजेडीं ये" असेंही म्हटलें नाहीं. त्यानें त्याला नव्या जन्माची गोष्ट सांगितली, आणि शेवटीं मोशेनें रानांत उंच केलेल्या सर्पाची आठवण दिली. ती कथा गणना ह्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायांत आहे. सर्पदंश झालेल्या लोकांना देवानें काय सांगितलें होतें? आधीं थरथर थांबवा, असें नव्हे. विष स्वतः उतरवा, असेंही नव्हे. खांबावर उंच केलेल्याकडे पाहावें, एवढेंच. मनुष्याच्या पुत्रालाही तसेंच उंच केलें जाणें अवश्य आहे, असें प्रभु त्याला बोलला. त्या रात्रीं निकदेमाला त्याचा अर्थ कितपत कळला असेल, देव जाणे. तो आला तसा मुकाट्यानें परत गेला.

दुसऱ्यानें तो भेटतो तो अधिकाऱ्यांच्या बैठकींत. सर्वजण येशूला दोषी ठरवूं पाहत असतां, मनुष्याचें म्हणणें ऐकल्यावांचून आपलें नियमशास्त्र त्याचा न्याय करितें काय, इतकाच प्रश्न तो विचारतो. "मी त्याचा आहें" असें तो म्हणत नाहीं. इतरांनीं त्याला, तूंही गालीलांतलाच काय, म्हणून हिणवलें, आणि तो गप्प राहिला. प्रियहो, ह्या अर्ध्या पावलाला आपण हंसूं नये. घाबरलेल्या मनुष्याचें अर्धें पाऊलही देवाच्या हिशोबीं जमा असतें.

तिसऱ्यानें तो भेटतो तो वधस्तंभापाशीं. ज्या पेत्रानें सर्वांसमक्ष प्राण देण्याची प्रतिज्ञा केली होती, तो शेकोटीजवळ एका दासीच्या प्रश्नानें खचला होता. अशा वेळीं अरिमथाईकर योसेफ, जो तोंवर गुप्त शिष्य होता, पिलाताकडे जाऊन प्रभूचें शरीर मागतो. आणि निकदेम गंधरस व अगरू ह्यांचें मिश्रण घेऊन येतो. त्याचें वजन शंभर लित्रा, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ३२ किलो होतें. एवढें ओझें उपरण्याखालीं लपत नाहीं. शिवाय दुसरे दिवशीं मोठा सण होता, आणि प्रेताला शिवणाऱ्यास सात दिवसांचा विटाळ मोशेच्या नियमशास्त्रानें सांगितला होता. सण गेला, सोंवळें गेलें, आणि मानही गेला असेल. आणि त्यापासून लाभ कोणता? येशू मरण पावला होता. पुनरुत्थानाची पहांट अद्यापि उगवली नव्हती. लाभाची आशा असतां जो रात्रीं आला, तो लाभाची आशा मावळल्यावर सर्वांच्या देखत आला.

हा पालट कशानें झाला, हें योहानानें लिहिलेलें नाहीं. परंतु आम्हांस असें वाटतें कीं, उंच केलेल्या सर्पाची गोष्ट त्याच्या मनांत राहिली होती, आणि त्या दिवशीं त्यानें उंच केलेल्या प्रभूकडे पाहिलें. पेत्र आपल्या धैर्याकडे पाहत होता म्हणून पडला. निकदेमाला पाहण्याजोगें स्वतःचें धैर्य नव्हतेंच. म्हणून तो प्रभूकडे पाहूं शकला.

आमच्या महाराष्ट्रांतही असें घडलें आहे. १८४९ सालीं मुंबईंत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडावा हा तिचा हेतु स्तुत्य होता, आणि तिच्यांत मोठमोठे विद्वान् होते. ख्रिस्ती मनुष्यानें भाजलेला पाव ते एकत्र बसून खात. परंतु बंद दाराआड. पुढें १८६० च्या सुमारास सभेचीं कागदपत्रें चोरीस गेलीं, सभासदांचीं नांवें बाहेर आलीं, आणि सभा मोडली. ह्याच सभेंत एके काळीं बाबा पदमनजी बसत असत. प्रभूवर विश्वास ठेवून त्यांनीं १८५४ सालीं बेळगांवीं उघडपणें बाप्तिस्मा घेतला, आणि ही सर्व हकीकत पुढें आपल्या 'अरुणोदय' ह्या आत्मचरित्रांत सांगितली. गुपितावर उभारलेली सभा गुपित फुटतांच पडली. ज्यानें आपलें गुपित आपणच उघड केलें, त्याच्यापाशीं चोरीस जाण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें.

आतां आपण काय करावें? महाराष्ट्र राज्यांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ सालीं कायदा झाला, ह्याबद्दल आपण देवाचे आभार मानूं. कायदा वाळींत टाकणाऱ्याला शिक्षा करूं शकतो. परंतु वाळींत पडण्याची भीति अंतःकरणांतून काढणें हें त्याचें काम नव्हे. तें प्रभूच करितो.

म्हणून उपदेशक बंधूंनो, तुमच्या दारीं कोणी अंधार पडल्यावर आला तर त्याला भित्रा म्हणून लाजवूं नका. दिवा मोठा करा, त्याला बसवून घ्या, आणि वधस्तंभावर उंच केलेल्या ख्रिस्ताची गोष्ट सांगा. तो मुकाट्यानें परत गेला तरी पेरलेलें बीं वाया गेलें असें समजूं नका.

आणि ज्या बंधुभगिनींच्या मनांत आज भीति आहे त्यांनीं ती जाण्याची वाट पाहत बसूं नये. प्रभूकडे पाहून प्रीतीनें करावयाचें जें काम पुढें आलें असेल तें, हात कांपत असले तरी, करावें. ज्या घरीं इतर लोक जात नाहींत तेथील आजाऱ्याजवळ जाऊन बसावें. ज्याच्या मयताला खांदा द्यावयास कोणी नाहीं त्याला खांदा द्यावा. शेजाऱ्यानें विचारलें तर आपण कोणाचे आहों हें सौम्यपणें सांगावें. निकदेमानें भाषण केलें नाहीं; त्यानें एक ओझें उचललें. त्या ओझ्याखालीं त्याची भीति केव्हां गळून पडली, हें कदाचित् त्यालाही कळलें नसेल.

आपणां सर्वांचे डोळे आपल्या भीतीवरून व आपल्या धैर्यावरूनही काढून प्रभु आपल्या वधस्तंभाकडे लावो. आमेन.