पोटात घालणं

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सर्जननी माझ्या फाइलच्या मागच्या कोऱ्या बाजूला पोटाचं चित्र काढून दाखवलं. मशकीसारखी फुगीर पिशवी आणि तिच्यावरून ओढलेली एक उभी रेघ. रेघेच्या अलीकडची केळ्याएवढी नळी राहणार, पलीकडचा 75 ते 80 टक्के भाग निघणार. उरलेल्यात शंभर-दीडशे मिली मावेल, म्हणजे चहाचा एक कप. "आणि काढलेलं?" मी विचारलं. "पॅथॉलॉजीत तपासायला जातं," असं म्हणून ते पेन खिशाला अडकवून पुढच्या खोलीत गेले. मला त्या रात्री झोप लागेना. सत्तेचाळीस वर्षं ज्यात मी काय काय घातलं, ते उद्या बरणीत. तपासणाऱ्याला त्यात काय दिसेल?

"पेशी," नवरा म्हणाला. "झोप आता."

आपल्या मराठीत हृदय हे कवितेपुरतं. भावनांचा रोजचा कारभार चालतो पोटात. भीतीनं पोटात गोळा येतो, लेकराला ताप चढला की पोटात कालवतं, शेजाऱ्याचं बरं झालं की पोटात दुखतं. गुपित पोटात ठेवायचं, तळमळ असली की पोटतिडकीनं बोलायचं. आवंढा गिळायचा, अपमान गिळायचा, दुःख पचवायचं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे 'पोटात घालणं'. दुसऱ्याची चूक, टोमणा, अन्याय, जे असेल ते पोटात घालायचं. आमच्या घरात हा शब्दप्रयोग बायकांसाठी राखीव होता. बाबा चिडले, पोटात घाल. सासूबाई बोलल्या, त्यांचं वय बघ, पोटात घाल. दादाला कुणी असं सांगितलेलं मला आठवत नाही. त्याला सांगायचे, 'सोडून दे'. सोडून दिलेलं निदान खाली पडतं.

पोटात घालायचं ते सगळं शब्दांतलंच होतं असंही नाही. रात्री सगळ्यांची पानं उचलली की ओट्यापाशी उभं राहून पातेल्याच्या तळाचा भात, मुलानं टाकलेली अर्धी पोळी, उद्या कुणी खाणार नाही एवढीशी उसळ. "तेवढं संपवून टाक." आईचं हे वाक्य मी माझ्या स्वयंपाकघरात माझ्याच तोंडून ऐकत आले. आईला नावं ठेवायला मी धजत नाही. तिनं 1972 चा दुष्काळ माण तालुक्यात काढला आहे. दुष्काळी कामावरची सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो खाऊन जगलेल्या बाईला अन्न टाकवत नाही, हे समजावून सांगण्याची गरज नाही. पण दुष्काळ तिनं भोगला आणि त्याची शिल्लक माझ्या अंगावर जमा झाली. उंची 158 सेंटिमीटर, वजन 112 किलो.

आता जे सांगायचं आहे त्याची सुरुवात एका संप्रेरकापासून होते. ग्रेलिन त्याचं नाव. कोजिमा आणि कांगावा या जपानी संशोधकांनी ते 1999 साली शोधलं. भूक लागल्याची वर्दी मेंदूला देणारं हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या घुमटात तयार होतं, आणि वजन घटवण्याच्या माझ्या या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत नेमका तोच घुमट निघतो. त्यामुळे ऑपरेशननंतरचे पाच-सहा महिने मला भूक म्हणून लागलीच नाही. हा माझा पराक्रम नव्हे, वर्दी देणारा शिपाईच कामावरून काढला होता. पहिले दोन आठवडे डाळीचं पाणी, गाळलेलं सूप, पातळ ताक. मग सगळं मिक्सरमधून काढलेलं. मग अर्धी वाटी अन्न वीस-पंचवीस मिनिटं चावत बसायचं, त्यातही आधी पनीर, अंडं किंवा डाळ, पोळी-भात मागून. जेवणाच्या आगेमागे अर्धा तास पाणी नाही. गोळ्या जन्मभर. केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ गेले, बऱ्याच जणांचे जातात, आणि बहुतेकांचे परत येतात. या गोष्टी माहितीपत्रकात असतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

माहितीपत्रकात जे नव्हतं ते असं. भूक गेली, तरी खावंसं वाटणं गेलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी वहीत दोन रकाने आखून दिले होते, 'भूक' आणि 'खावंसं वाटलं'. पहिला रकाना पानंच्या पानं कोरा, दुसरा भरलेला. दुपारी चार. साहेबांच्या केबिनमधून बाहेर आल्यावर. रविवारी संध्याकाळी दिवे लावायच्या वेळी, काही कारण नसताना. गावाकडचा फोन ठेवल्यावर. एरवी ही भेसळ वेगळी करणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, कारण भूक आणि वखवख एकाच दारानं येतात. ऑपरेशननं माझी गाळणीच केली. खरी भूक खाली निघून गेली आणि वर नुसता चोथा राहिला. इतकी वर्षं मी त्यालाच भूक म्हणत होते.

हिल्डे ब्रुख या जर्मनीत जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत काम केलेल्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 1973 च्या आपल्या पुस्तकात याची एक मांडणी केली आहे. भूक ओळखणं बाळाला शिकावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. बाळ थंडीनं रडो, एकटं वाटून रडो की ओल्या दुपट्यानं रडो, प्रत्येक वेळी तोंडात दूधच आलं, तर मोठेपणी त्या माणसाला आतली अस्वस्थता आणि भूक यांत फरक कळत नाही. वाचताना मला आमच्या माजघरातल्या सगळ्या आत्या आणि काकू एकदम आठवल्या. "रडतंय का? भुकेलं असेल." दुसरं निदान आमच्याकडे होतंच कुठे? पण ब्रुखबाईंशी माझं पूर्ण जमत नाही. मानसशास्त्राला एकदा आई सापडली की पुढे कुणाला शोधावंसं वाटत नाही. माझ्या आजोळी पाच मामा, पाचही स्थूल, त्यात रक्ताचा वाटा किती आणि दुधाचा किती हे कोण सांगणार! शिवाय भरवणारी आई नुसती भूकच भागवत नव्हती. तिला 'माझी तू लाडकी आहेस' असं तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून ती साय वाढायची. रागावली की तीच म्हणायची, "गिळ आता!" खाण्याला मराठीत जेवणे, हादडणे, चरणे, गिळणे इतकी क्रियापदं आहेत, की वाढणाऱ्याचा मूड नुसत्या क्रियापदावरून कळावा.

पाचव्या महिन्यात, दिवाळी संपता संपता, दादाचा फोन आला. आई तेव्हा त्याच्याकडे होती. "तुला काय कळतंय म्हातारं माणूस सांभाळणं म्हणजे काय ते. महिन्यातून एकदा येतेस, गोड बोलून जातेस." मी नेहमीप्रमाणे "हो रे, खरंय," म्हणाले आणि फोन ठेवला. पाय आपोआप फळीकडे गेले. शंकरपाळ्यांचा डबा खाली काढला, झाकण उघडलं. पहिली गेली. दुसरी नीट न चावता गेली. तिसरी छातीच्या मधोमध दगडासारखी अडकली. तोंडात लाळेचा फेस यायला लागला, पाठीतून कळ आली, सिंकवर वाकून उभी राहिले ती पंधरा मिनिटं. सगळं बाहेर पडल्यावर चूळ भरली, ओटा पुसला, डब्याचं झाकण लावलं. आणि लक्षात आलं की राग तसाच आहे. आधी असं कधी झालं नव्हतं. आधी अर्धा डबा संपेपर्यंत राग कुठेतरी बुडून जायचा, त्याच्या जागी सुस्ती यायची आणि मागून स्वतःचीच चीड. या वेळी बुडवायला जागाच नव्हती. शंभर-दीडशे मिलीत दादा मावेना.

मी त्याला परत फोन लावला. नऊ मिनिटं बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. सगळंच न्यायाचं होतं असंही नाही, काही तर वीस वर्षांपूर्वीचं, शिळं, आंबलेलं होतं. त्यानंतर आम्ही दोन महिने एकमेकांशी बोललो नाही. हे मुद्दाम सांगते, कारण 'मन मोकळं करा, हलकं वाटेल' असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला हलकं वगैरे काही वाटलं नाही, वजनकाट्याखेरीज. वहिनीनं मात्र नातेवाइकांत एक वाक्य फिरवलं, "पोट लहान झालं आणि तोंड मोठं झालं!" वाक्य झकास आहे, मला मानावंच लागलं. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये ही शिकवण मला घरानं एका अर्थानं दिली होती, सर्जननी दुसऱ्या. मी सर्जनचं ऐकते.

हॉस्पिटलात महिन्यातून एकदा आम्हा ऑपरेशन झालेल्यांची बैठक असते. तिथे एक निवृत्त गृहस्थ येतात. ते एकदा म्हणाले, "भूक गेली हो, पण दुपारचे चार काही वाजायचे थांबत नाहीत." सगळे हसले आणि मग कुणीच काही बोललं नाही. प्रत्येकानं आपल्या चार वाजताचं काहीतरी केलेलं असतं. अमेरिकेत अशा रुग्णांच्या मोठ्या गटाचा अभ्यास 2012 साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. शस्त्रक्रियेआधीच्या वर्षात 7.6 टक्के लोकांना दारूचा त्रास होता, शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या वर्षी तो 9.6 टक्क्यांवर गेला. स्लीव्हऐवजी जठराचा बायपास झालेल्यांत धोका जास्त दिसला. बायपासमध्ये दारू रक्तात लवकर चढते, हे त्याचं एक शारीरिक कारण आहे, सगळं मनावर ढकलता येत नाही. माझ्या बाबतीत खाण्याच्या जागी साड्या निघाल्या. मोबाइलवर, रात्री अकरानंतर. सात महिन्यांत एकोणीस. त्यातल्या अकरांच्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत.

आणि हे लहान पोट अजिंक्य आहे, असंही कुणी समजू नये. त्याला फसवता येतं. कोरडी पोळी अडते, पण चहात बुडवलेलं बिस्किट सरळ खाली जातं. आइस्क्रीम जातं. चिवडा मूठमूठ करून दिवसभर जातो. दीड वर्षापर्यंत भूकही हळूहळू परत कामावर रुजू होते. मी 76 किलोपर्यंत उतरले होते, आता 80 आहे. डॉक्टर म्हणतात एवढं चालतं. मी वही पुन्हा काढली आहे.

लोकांना काय सांगायचं हा वेगळाच घोळ. सुरुवातीला मी "चालते, गोड बंद केलं" असं ठोकून द्यायची. नंतर खरं सांगायला लागले, तर ऐकावं लागलं, "म्हणजे शॉर्टकट!" कुणी म्हणालं, "एवढी काही जाड नव्हतीस गं." पुण्याच्या डॉ. याज्ञिकांचा 'लॅन्सेट'मधला 2004 चा तो फोटो मी आता मोबाइलवर ठेवूनच दिला आहे. शेजारी शेजारी दोन डॉक्टर, एक याज्ञिक, एक ब्रिटिश. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, 22.3. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. आपल्या लोकांची चरबी डोळ्यांना दिसते त्याहून जास्त असते, म्हणून तर आशियाई रुग्णांसाठी शस्त्रक्रियेची पातळीही खाली धरतात. फोटो दाखवला की समोरची व्यक्ती आधी स्वतःच्या पोटाकडे बघते.

आत्याच्या नातवाच्या लग्नात पंगतीला बसले होते. जिलबीचं ताट घेऊन मामेभाऊ पुढ्यात उभा. "ताई, एक." नको. "अर्धी." नको रे. "माझी शपथ." आता शपथही पोटात घालायची म्हणजे झालं! मी पानावर हात आडवा धरला, तर आत्या पलीकडून मोठ्यानं म्हणाल्या, "आजारी आहे ती, सोड तिला." आग्रह मोडायला आपल्याकडे एकच दाखला चालतो, आजारपणाचा. नुसतं 'मला नको' याला किंमत नाही. ती अर्धी जिलबी मी खाऊ शकले असते, पोटानं काही म्हटलं नसतं. त्या दिवशी मला ती खरंच नको होती, आणि हे कळायला मला एकोणपन्नास वर्षं लागली.

शरीराचं मनातलं माप अजून जुनंच आहे. शेअर रिक्षात मी अजून कडेला, एका मांडीवर बसते. दोन खुर्च्यांमधून आडवी होऊन निघते. ऑफिसातली एक मुलगी विचारत होती, "आता तर आठवड्याचं इंजेक्शन मिळतं, मी तेच घेऊ का?" वजनासाठीची ही इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडे रीतसर मिळायला लागली आहेत आणि डोक्यातली खाण्याची भुणभुण त्यांनी शांत होते असं घेणारे सांगतात. डॉक्टरांना विचार, मी म्हणाले. आणि वहीत दोन रकाने आखून दिले.

आई आता माझ्याकडे असते. दादा पंधरा दिवसांनी येतो, थोडं अवघडून बसतो, चहा घेतो. परवा रात्री जेवणं झाल्यावर पातेल्यात मूठभर भात उरला होता. मी डाव हातात घेऊन उभी. आई खुर्चीवर, लसणाच्या पाकळ्या सोलत. मला वाटलं, आता म्हणेल. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"झाकून फ्रीजमध्ये ठेव," म्हणाली. "सकाळी फोडणीचा करू. दादा यायचाय."